आर्नॉल्ड हिल्स : एका दात्या मालकाची गोष्ट

युद्धनौका बांधणारा कारखानदार कट्टर शाकाहारी, दारूचा शत्रू आणि फुटबॉलवेडा असावा, याचे पुष्कळांना नवल वाटेल. इंग्लंडमधील आर्नॉल्ड हिल्स (१८५७-१९२७) तसे होते. ऑक्सफर्डला शिकत असताना ते नाणावलेले धावपटू होते. १८७९ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून फुटबॉलचा सामनाही खेळले.

१८८० मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, ते लंडनच्या थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कंपनीच्या संचालक मंडळावर आले. लोखंडी चिलखताची प्रसिद्ध युद्धनौका 'वॉरियर' याच कारखान्याने १८६० मध्ये पाण्यात सोडली होती. हिल्स पाच वर्षे कारखान्याजवळच्या कॅनिंग टाउन या कामगार वस्तीत राहिले. धूर, दाटी, खेळायला जागा नाही, ही स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

पण हे सारे गोडीगुलाबीने चालले होते असे कोणी समजू नये. १८८९ नंतरच्या काळात कारखान्यात संप झाले आणि बाहेरची माणसे आणून हिल्स यांनी ते मोडू पाहिले. त्यानंतर १८९२ मध्ये ठरल्या मजुरीवर नफ्यातील वाटा देण्याची योजना आली, १८९४ मध्ये आठ तासांचा दिवस आला आणि १८९५ मध्ये कामगारांचा फुटबॉल संघ निघाला. आम्ही बँकेतली माणसे करारातला बोनस आणि सानुग्रह रक्कम यांतला फरक चांगला ओळखतो. सानुग्रह रक्कम हाती पडली की आनंद होतोच, पण पुढच्या वर्षी तिच्यासाठी भांडता येत नाही. हिल्स यांचे मन मोठे होते, यात आम्हाला शंका नाही. मात्र काय द्यायचे हे आपणच ठरवायचे, असा त्यांचा बाणा होता.

या बाण्याचा एक साक्षीदार आपल्या ओळखीचा आहे. लंडन व्हेजिटेरियन सोसायटीचे अध्यक्ष हिल्स होते आणि संस्था बरीचशी त्यांच्याच पैशावर चाले. तिच्या कार्यकारिणीत त्या वेळी कायद्याचे विद्यार्थी असलेले मोहनदास गांधी होते. डॉ. अ‍ॅलिन्सन हे सभासद संततिनियमनाचा प्रचार करीत, म्हणून १८९१ मध्ये त्यांना काढून टाकण्याचा ठराव आला. संततिनियमनाबाबत गांधी हिल्स यांच्याच मताचे होते. तरीही शाकाहार पाळणाऱ्याला अन्य मतांसाठी शाकाहारी संस्थेतून घालवणे त्यांना अन्यायाचे वाटले. बोलण्याचा धीर नव्हता, म्हणून त्यांनी आपले म्हणणे लिहून आणले आणि तेही दुसऱ्याने वाचून दाखवले. डॉ. अ‍ॅलिन्सन हरले. अशा पहिल्याच लढाईत आपण हरणाऱ्या बाजूला उभे राहिलो, पण ती बाजू न्याय्य होती याचे समाधान गांधींनी आत्मकथेत नोंदवले आहे.

हिल्स पुढे संधिवाताने पार जखडले. १९१२ मध्ये कारखाना बंद पडला. कामगारांचा संघ मात्र १९०० मध्येच 'वेस्ट हॅम युनायटेड' या नव्या नावाने उभा राहिला होता. त्याच्या बोधचिन्हावर बोटबांधणीचे दोन हातोडे आजही आहेत.