रात्रीचे नाटक आणि शेजाऱ्याची झोप

दिवाळी सरली की आमच्या सावली भागात मंडई व नाटकांचे दिवस येतात. झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगते. मलाही त्याचे वेड आहे. परंतु गेल्या वर्षी नाटक घराजवळच होते. आजी तापाने फणफणत होती आणि सकाळी माझा पेपर होता. घरातला कॉलेजात जाणारा मी पहिलाच! त्या रात्री आम्हा दोघांचाही डोळा लागला नाही.

थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार व वरची उबदार असते. त्यामुळे आवाज खाली वळून दूरवर पोचतो. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविता येत नाही. सणासमारंभांसाठी शासन वर्षातून फार तर 15 दिवस, तेही 12 वाजेपर्यंतच, सवलत देऊ शकते.

नाटक बंद करा, असे मी म्हणत नाही. ते संध्याकाळी लवकर सुरू करावे, भोंगे मंडपाच्या आत, प्रेक्षकांकडे वळवून लावावेत. तिकीट काढणाऱ्याला नाटक मिळावे, न काढणाऱ्याला झोप!