शाळेतलं घर : भाडं कमी, कागद जास्त

न्यूयॉर्कमध्ये तुम्ही चित्रं, नाटक, संगीत करत असाल आणि निम्मी कमाई भाड्यात जात असेल, तर हा पत्ता टिपून ठेवा : 215 ईस्ट 99वा रस्ता, ईस्ट हार्लेम. 1898 सालची ही सरकारी शाळा, पीएस 109. ती 1995 मध्ये बंद पडली, पाडलीच जाणार होती. 'आर्टस्पेस' या ना-नफा संस्थेने स्थानिक संस्थेच्या साथीने सुमारे 5.2 कोटी डॉलर खर्चून तिथे कलाकारांसाठी 89 घरं केली. राहायचं तिथेच काम करायचं.

सुरुवातीची भाडी दरमहा 494 डॉलरपासून, दोन बेडरूमला 1,022. हे दहा वर्षांपूर्वीचे आकडे, त्यावर हिशेब मांडू नका. 89 घरांसाठी तेव्हा 53,000 वर अर्ज आले आणि निम्मी घरं ईस्ट हार्लेमच्याच रहिवाशांसाठी राखीव होती. आता जागा रिकामी होईल तसा नंबर. तेव्हा आधी विचारा : प्रतीक्षायादी उघडी आहे का? सोबत शहराच्या 'हाउसिंग कनेक्ट'वर खातं उघडून ठेवा, तिथे अशा इतर परवडणाऱ्या घरांच्या सोडती लागतात. अर्ज फुकट असतो. एका सोडतीला घरटी एकच अर्ज, दोन भरलेत तर बाद. 'नंबर लावून देतो' म्हणणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका.

कलाकार असल्याचा पुरावा द्यावा लागतो, पण कलेवर पोट भरत असलंच पाहिजे असं नाही. निवड समिती कामातलं सातत्य पाहते, दर्जाला गुण देत नाही. अशी घरं ज्या करसवलतीतून होतात, तिच्या कायद्यात साहित्यिक कामही धरलेलं आहे, म्हणजे लिहिणाऱ्यांनीही मागे राहू नये.

आपल्याकडची मुलं अडकतात ती पुढच्या मुद्द्यावर. करसवलतीतून झालेल्या अशा घरांत सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असलेलं बिऱ्हाड सहसा चालत नाही. मोजके अपवाद आहेत. त्यातही कॅलेंडर वर्षातले पाच महिने कॉलेज केलं, तरी त्या वर्षापुरते तुम्ही विद्यार्थीच. मे महिन्यात पदवी हातात घेऊन जूनमध्ये अर्ज केलात तर जानेवारी ते मे मोजले जातात. एकट्याने अर्ज करणार असाल तर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबा.

कागद : प्रत्येकाचं ओळखपत्र, लागोपाठच्या पगारपावत्या, करविवरणपत्रं, बँक स्टेटमेंट, सध्याचा भाडेकरार. पगारदाराचं उत्पन्न कर कापण्याआधीचं धरतात, स्वतंत्र काम करणाऱ्याचं खर्च वजा जाता. म्हणून रंग-कॅनव्हासच्या पावत्या फेकू नका. आईबाबा पुण्याहून दरमहा पैसे पाठवत असतील तर तेही उत्पन्नच. भारतातली एफडीसुद्धा दाखवावी लागते. लपवलेलं बँक स्टेटमेंटमध्ये दिसतंच आणि हाती आलेलं घर जातं. नंबर लागला की कागदांसाठी थोडेच दिवस मिळतात, फाइल आजच लावा.

आता पैसे. पत आणि पार्श्वभूमी तपासणीचे मिळून राज्याच्या कायद्याने जास्तीत जास्त 20 डॉलर, तेही पावती घेऊन. गेल्या 30 दिवसांतला स्वतःचा अहवाल दिलात तर तेही माफ. अनामत एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. म्हणजे किल्ली घेताना दोन महिन्यांचं भाडं हाताशी हवं. भाडं थकलं तर दंड 50 डॉलर किंवा भाड्याच्या 5 टक्के, यांतलं जे कमी ते. वीजबिल कोणाकडे, कपडे धुण्याचं यंत्र नाण्यावर चालतं का, भाडेकरूचा विमा सक्तीचा आहे का, हे सही करण्याआधी विचारा. घर तुमचं मुख्य निवासस्थान असावं लागतं, त्यामुळे सुट्टीत भारतात येताना पाहुण्यांना भाड्याने देऊन तिकिटाचे पैसे काढू म्हणाल तर घरच गमावाल.

आणि स्टुडिओ आहे म्हणून सगळं चालेल असं धरून चालू नका. भट्टी, वेल्डिंग, स्प्रे रंग, रात्री अकरानंतरचा तबला : यांतलं काय चालतं ते ईमेलवर विचारा, उत्तर जपून ठेवा.