व्यावसायिक फुटबॉलपटूची जडणघडण

फुटबॉल खेळणे आणि फुटबॉल हा उपजीविकेचा व्यवसाय करणे या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. पहिलीस एक चेंडू आणि थोडे मोकळे रान पुरते. दुसरीस योग्य वयात झालेली निवड, वसतिगृहातील शिस्त, लेखी करार आणि बिनचूक कागदपत्रे लागतात. आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांस व पंचायत सदस्यांस या दुसऱ्या मार्गाची कल्पना असावी, या हेतूने कोल्हापूरच्या अनिकेत जाधव या खेळाडूच्या कारकिर्दीचा येथे विचार केला आहे.

पूर्वी आपल्याकडे फुटबॉलपटू हा प्रथम नोकरदार असे व मग खेळाडू. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३ गोल करून भारताला ४-२ असा विजय मिळवून देणारा नेव्हिल डिसूझा हा मूळचा गोव्याचा. मुंबईत तो टाटांच्या संघाकडून खेळला. रेल्वे, बँका, कापड गिरण्या यांचेही संघ असत. पगार नोकरीचा, खेळ संघाचा आणि गुडघा दुखावला तरी नोकरी शाबूत, अशी ती व्यवस्था होती. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग, २००७ मध्ये आय-लीग आणि २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाल्यावर हे चित्र पालटले. आता खेळाडू ठरावीक हंगामांसाठी क्लबाशी करार करतो. मोबदला पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मिळतो, परंतु मुदत संपली की उद्याची शाश्वती उरत नाही.

अनिकेतचा जन्म १३ जुलै २००० रोजी कोल्हापुरात झाला. या शहरात फुटबॉल तालमींनी जोपासला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे मुळात कुस्तीच्या तालमींची. पण शाहू स्टेडियमवर त्यांचे फुटबॉल संघ उतरले की पेठाच्या पेठा लोटतात. मात्र पेठेच्या ईर्ष्येवर व्यावसायिक खेळाडू घडत नाही. अनिकेत लहान वयातच पुण्यातील बालेवाडीच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. निवास, आहार, शिक्षण आणि शास्त्रशुद्ध सराव एकाच ठिकाणी मिळाल्याने सामान्य परिस्थितीतल्या मुलाची वाट मोकळी झाली, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भरली, तेव्हा यजमान संघाच्या आघाडीच्या फळीत तो होता. त्याच संघात अमेरिकेत वाढलेला मराठी कुटुंबातील नमित देशपांडे हाही होता. दिल्लीत झालेले तिन्ही सामने भारताने गमावले : अमेरिकेविरुद्ध ०-३, कोलंबियाविरुद्ध १-२ आणि घानाविरुद्ध ०-४. आकडे उत्साहवर्धक नाहीत. पण ही मुले प्रथमच जगातील आपल्या वयाच्या उत्तम खेळाडूंसमोर उभी राहिली. त्यानंतर यांतील बहुतेकांचा 'इंडियन अॅरोज' हा संघ आय-लीगमध्ये उतरविण्यात आला. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यात चेन्नई सिटीविरुद्धचा पहिलाच सामना या संघाने ३-० असा जिंकला. त्यांतील २ गोल अनिकेतचे होते. नंतर जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल आणि ओडिशा असा त्याचा प्रवास झाला. २०२१-२२ च्या हंगामात इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबाद संघात तो होता. २०२२ मध्ये त्याला वरिष्ठ भारतीय संघातही स्थान मिळाले.

पंचविशीच्या आत इतक्या नगरांत बिऱ्हाड हलविणे, हेच या व्यवसायाचे स्वरूप होय. शिवाय क्लबच बंद पडतात. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती, तरीही २०१० मध्ये तो संघ विसर्जित झाला. पुढे पुण्याचे संघही गेले. २०२५ मध्ये तर खुद्द इंडियन सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. मुलाला खेळाकडे वळविताना दहावी-बारावी सोडू देऊ नये, ते यासाठीच.

आता नंदुरबारचा विचार करू. डोंगरउतारावर वाढलेल्या येथील मुलांच्या दमश्वासाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. किसन तडवी या आपल्याच जिल्ह्यातील धावपटूने नाशिकला सराव करून लांब पल्ल्याच्या शर्यतींत नाव मिळविले. अडचण येते ती बहुधा दप्तरात.

शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीत '१ जून' ही जन्मतारीख किती मुलांची आहे, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. पालकांस तारीख सांगता आली नाही की गुरुजींनी ती घालावी, ही जुनी रीत. फुटबॉलच्या वयोगटाला दिनांकापेक्षा वर्ष महत्त्वाचे असते. २०१७ च्या विश्वचषकासाठी १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा जन्म आवश्यक होता. डिसेंबर १९९९ चा मुलगा बाद. म्हणजे अंदाजाने घातलेले वर्ष एकाने मागे सरले तर मुलाची एक संधी हकनाक जाते. पुढे सरले तर प्रकरण अधिक बिकट. २००९ पासून या स्पर्धेत मनगटाची एमआरआय तपासणी केली जाते; तेथील हाडाची वाढीची कडा पूर्ण जुळलेली आढळली तर मुलगा १७ वर्षांवरील असल्याचे जवळजवळ निश्चित मानतात. मुलाने लबाडी केलेली नसते, पण ठपका त्याच्यावर येतो.

यावर उपाय ग्रामपंचायतीच्या हाती आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ज्यांचा जन्म १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर झाला, त्यांच्या शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरविण्यात आला आहे. आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात व काही बाळे तेथेच जन्मतात. नोंद जन्मस्थळीच करावयाची असते. गावी परतल्यावर ती येथे होत नाही. कुटुंब निघण्यापूर्वी ग्रामसेवकाने अथवा अंगणवाडी सेविकेने गरोदर मातेच्या घरी ही गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शाळेच्या नोंदवहीतील चूक मूल शिकत असेतोवर पुराव्यानिशी दुरुस्त करणे सुकर असते. शाळा सोडल्यावर ते फार कठीण जाते.

स्थलांतराची झळ खेळालाही बसते. सराव ऐन हिवाळ्यात तुटतो. ज्या आश्रमशाळा व वसतिगृहे मुलांना थांबवून घेतात, तेथेच नियमित संघ उभा राहू शकतो. असा संघ सुब्रोतो चषकाच्या तालुका पातळीवर उतरवावा. तेथून जिल्हा, नाशिक विभाग व राज्य असा क्रम लागतो. मुलींसाठीही १७ वर्षांखालील गट आहे. चुणचुणीत मूल दिसले तर क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची विचारणा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे वेळीच करावी. स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत : दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी आणि पुढे विहित पात्रता पूर्ण झाल्यास शासकीय सेवेतील खेळाडूंच्या ५ टक्के समांतर आरक्षणासाठी त्यांची पडताळणी होते, आणि प्रमाणपत्रावरील नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते की नाही, हे तेव्हा पाहिले जाते.