कबड्डीच्या गुरू शैलजाबाई

दिवाळी सरते, बांध्यांतील धान कापणीला येते आणि ब्रह्मपुरीच्या परिसरात खेळतमाशांचे दिवस सुरू होतात. गावोगावी मंडई भरते. दिवसा शंकरपट, रात्री झाडीपट्टीचे नाटक आणि मधल्या वेळी कोठे ना कोठे कबड्डीचा सामना, असा तो थाट असतो. पूर्वी या सामन्यांत मुलगेच उतरत. आता शाळांच्या पटांगणांवर मुलीही फक्कीने रेषा आखून घेतात आणि मध्यरेषा ओलांडून 'कबड्डी, कबड्डी' म्हणत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतात.

असा सामना रंगला, की सर्वांचे डोळे चढाई करणाऱ्या मुलीवर खिळून राहतात. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या तिच्या बाईंकडे कोणी पाहत नाही. चढाईला जाताना कोणता पाय पुढे टाकावा, नजर कोणावर ठेवावी आणि हात कोणाकडे टाकावा, साखळी केव्हा जोडावी आणि केव्हा सोडावी, हे सारे त्या बाईंनीच महिनोन्महिने शिकविलेले असते. परंतु सामना सुरू झाला, की त्यांना रेषेच्या आत पाऊल टाकता येत नाही. शिकविलेले मुलींना आठवते की नाही, एवढेच पाहत उभे राहायचे! प्रशिक्षकाचे काम हे असे आहे.

ब्रह्मपुरीहून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर नागपूर शहर आहे. तेथील एका बाईंनी हेच काम आयुष्यभर केले. वयाची साठी उलटल्यावर त्यांच्यावर असा प्रसंग आला, की मैदानाच्या कडेला त्या उभ्या होत्या आणि त्यांच्या शिष्यांसमोर जो संघ उभा होता, तो त्यांच्या स्वतःच्या देशाचा होता. त्या बाईंचे नाव शैलजा जैनेंद्रकुमार जैन.

कबड्डी हा खेळ आपल्याकडे फार जुना आहे. महाराष्ट्रात त्याला हुतूतू म्हणत, बंगालमध्ये हाडुडू म्हणत. गाव बदलले की नियमही बदलत. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी मंडळींनी हे विस्कळीत नियम एकत्र बांधले. 1936 साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन हा खेळ जगाला करून दाखविला. पुढे 1990 साली आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांच्या कबड्डीला स्थान मिळाले. स्त्रियांच्या कबड्डीला मात्र त्यासाठी 2010 सालापर्यंत थांबावे लागले. वीस वर्षांचा हा विलंब ध्यानात घेण्यासारखा आहे. शैलजाबाई स्वतः कबड्डी खेळत असत. परंतु त्यांचे खेळण्याचे वय होते, त्या काळात आशियाई स्पर्धेत मुलींसाठी या खेळाचे मैदानच नव्हते.

खेळणे संपल्यावर त्यांनी शिकविण्याचे काम पत्करले. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा खात्यात त्या प्रशिक्षक झाल्या आणि नाशिक ही त्यांची कर्मभूमी ठरली. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी मुलींना कबड्डी शिकविली. जिल्ह्याच्या ठिकाणी अशा कामाला काय लागते, याची कल्पना बाहेरून येत नाही. खेळ शिकविणे हा त्यातील सोपा भाग. मुलगी पहाटे सरावाला येऊ लागली, की घरचे विचारतात, "हिला पुढे याचा काय उपयोग?" गुडघे फुटतात, परीक्षा जवळ येतात, चांगली तयार झालेली मुलगी लग्न होऊन जाते. मग पुन्हा नव्या मुली आणि पुन्हा पहिला धडा.

सातासमुद्रापलीकडेही हे काम आरंभी असेच होते. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात पॅट समिट नावाची तरुणी 1974 साली मुलींच्या बास्केटबॉल संघाची मुख्य प्रशिक्षक झाली. तिचे वय अवघे 22 वर्षांचे होते. संघाची गाडी तीच हाकी आणि खेळाडूंचे मळके गणवेश तीच धुई! मात्र तेथील विद्यापीठांत खेळाला मोठा मान व मोठा पैसा मिळत गेला आणि त्याबरोबर प्रशिक्षकाचे पदही मोठे होत गेले. 2012 साली ती निवृत्त झाली, तोवर तिच्या संघांनी 1098 सामने जिंकले होते आणि आठ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले होते. आपल्याकडे मुलींच्या संघाच्या प्रशिक्षकाला असे दिवस दिसले नाहीत. शैलजाबाई सरकारी सेवेतून निवृत्त झाल्या. भारताच्या संघाला शिकवावे ही त्यांची इच्छा होती. पण ती संधी त्यांच्या वाट्याला आली नाही.

आणि मग बोलावणे आले ते इराणमधून.

इराणातही 'झू' नावाचा, दम धरून खेळण्याचा एक जुना खेळ आहे. त्यामुळे कबड्डी त्या लोकांना अगदी परकी वाटली नाही. 2010 च्या आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी कांस्यपदक मिळविले. 2014 साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथे त्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या; परंतु तेथे भारताने त्यांना 31-21 असे हरविले. दहा गुणांचे हे अंतर कसे तोडावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. ज्या देशाला हरवायचे, त्याच देशातील एखादा जाणता गुरू आणावा, असा विचार त्यांनी केला. जकार्ता येथील स्पर्धेच्या सुमारे दीड वर्ष आधी शैलजाबाई इराणला गेल्या.

परदेशात शिकविणे म्हणजे आधी स्वतः शिकणे. तेथील रिवाजाप्रमाणे घराबाहेर पडताना डोक्यावरून वस्त्र घ्यावे लागे. शैलजाबाई शाकाहारी, त्यामुळे जेवणाचीही पंचाईत. भाषा फारसी. दुभाष्याच्या तोंडून खेळ शिकविता येत नाही, कारण 'पकड!' म्हणायची वेळ डोळ्याचे पाते लवते तेवढीच असते. म्हणून त्यांनी फारसी शिकून घेतली. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. मराठी माणसाला फारसी वाटते तितकी दूरची नाही. मैदान, कमर, गर्दन, पंजा, पहिलवान हे शब्द फारसीतूनच आपल्याकडे आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो राज्यकारभारातील अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. पण आखाड्यातील शब्द आखाड्यातच राहिले. इराणी आखाड्याचे नाव 'जोरखाना' आहे, हे ऐकून जोरबैठका काढणाऱ्या कोणालाही हसू येईल. इतकेच काय, कबड्डीचा प्राण असलेला 'दम' हा शब्दही फारसीच. तिकडेही त्याचा अर्थ श्वास.

या श्वासापासूनच शैलजाबाईंनी आरंभ केला. कबड्डीची चढाई 30 सेकंदांची असते. तेवढा वेळ 'कबड्डी'चा उच्चार स्पष्टपणे आणि अखंड चालू ठेवावा लागतो. मध्येच श्वास घेतला तर गडी बाद. त्या तीस सेकंदांत प्रतिपक्षाच्या सात जणींवर नजर ठेवायची, एखादीला स्पर्श करायचा आणि पाय किंवा कंबर कोणाच्या हाती लागण्यापूर्वी मध्यरेषा गाठायची. दम संपत आला, की मन घाबरते. आणि मन घाबरले, की पाय चुकतो. शैलजाबाईंनी इराणी मुलींच्या सरावात योगासने आणि प्राणायाम आणले. शरीराने त्या मुली दणकट होत्याच. त्यांना श्वास लांबविण्याची आणि मन थाऱ्यावर ठेवण्याची सवय लागली.

दुसरी गोष्ट पकडीची. एकटीने झेप घालून पकड करणे दिसायला छान. पण ती फसली, तर गुण प्रतिपक्षाला मिळतो. कोपऱ्यातील मुलीने पाय धरावा, त्याच क्षणी शेजारणीने कंबर धरावी आणि बाकीच्यांनी परतीची वाट अडवावी, अशी ही सामुदायिक विद्या आहे. मुलींच्या कबड्डीचे मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद असते. म्हणजे एका संघाच्या वाट्याला सहा मीटर लांबीचेच अंगण येते. एवढ्याशा जागेत सात जणी एकमेकींच्या पायांत न अडकता हलल्या पाहिजेत. हे एकदा सांगून येत नाही. ते रोज घडवावे लागते.

2018 सालच्या ऑगस्ट महिन्यात इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. 23 ऑगस्ट रोजी पुरुषांच्या उपान्त्य सामन्यात इराणने भारताला 27-18 असे हरविले. 1990 पासून पुरुषांच्या कबड्डीतील सुवर्णपदक भारताखेरीज कोणाला मिळाले नव्हते. ती परंपरा त्या दिवशी खंडित झाली. स्वाभाविकच सर्वांचे लक्ष मुलींकडे लागले. उपान्त्य फेरीत भारताने चिनी तैपेईला आणि इराणने थायलंडला नमविले होते. चार वर्षांपूर्वीचेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. फरक इतकाच, की इराणच्या बाजूला आता नागपूरच्या शैलजाबाई होत्या. आणि भारताच्या संघात मुंबईची सोनाली शिंगटे होती. महाराष्ट्राची एक बाई इकडे, महाराष्ट्राची एक मुलगी तिकडे!

24 ऑगस्टचा तो अंतिम सामना. भारतीय मुलींनी सुरुवात चांगली केली आणि मध्यंतराला त्या 13-11 अशा पुढे होत्या. उत्तरार्धात मात्र पारडे फिरले. इराणच्या मुलींनी आघाडी घेतली. भारताने अंतर कमी करण्याची शिकस्त केली. पण वेळ पुरला नाही. शेवटचा गुणफलक होता इराण 27, भारत 24.

चार वर्षांपूर्वी इराणचा संघ दहा गुणांनी मागे होता, तो आता तीन गुणांनी पुढे गेला. इराणच्या मुली आनंदाने नाचू लागल्या. भारतीय मुलींच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांचे दुःख लहान नव्हते. त्यांनी काही वाईट खेळ केला नव्हता. आणि या दोहोंच्या मध्ये शैलजाबाई. हरलेल्या मुली ज्या भाषांत एकमेकींची समजूत घालत होत्या, त्या भाषा त्यांना घरच्यासारख्या होत्या.

आपल्या देशाला हरविण्याची विद्या परक्यांना शिकवावी काय? असा प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. तो खोटा प्रश्न नाही. परंतु गुरूच्या बाबतीत तो नवाही नाही. महाभारतात द्रोणाचार्यांची कथा आहे. द्रुपद राजाचा पुत्र धृष्टद्युम्न हा द्रोणांच्या वधासाठीच जन्मलेला. हे द्रोणांना ठाऊक होते. तरीही त्यांनी त्याला अस्त्रविद्या शिकविली. आपल्या देशात उत्तम प्रशिक्षकांना जो राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो, त्याला याच द्रोणाचार्यांचे नाव आहे. शिष्य म्हणून समोर उभ्या राहिलेल्या मुलीला अर्धे शिकवायचे आणि अर्धे राखून ठेवायचे, हे शैलजाबाईंसारख्या शिक्षिकेला जमणे कठीण होते. सुवर्णपदक घेतल्यावाचून घरी परतायचे नाही, असेच त्यांनी आपल्या शिष्यांना बजावले होते. ज्या प्रश्नाचे उत्तर खरोखर शोधायला हवे, तो प्रश्न निराळा आहे. तीस वर्षे मुलींना घडविणारी अशी बाई आपल्याकडे असताना तिला रिकामे का बसावे लागले?

पदकप्रदानाच्या वेळी खेळाडू उंचवट्यावर चढतात. आशियाई स्पर्धेत प्रशिक्षकाच्या गळ्यात पदक घालण्याचा प्रघात नाही. शैलजाबाई तेथेही कडेलाच होत्या.

जकार्तानंतरची आशियाई स्पर्धा चीनमधील हांगचौ येथे 2023 साली झाली. आता एकटा इराणच नव्हे, तर इतर देशांचे संघही तयारीने आले होते. 7 ऑक्टोबर रोजी भारतीय मुली अंतिम सामन्यात चिनी तैपेईविरुद्ध उतरल्या. इराणला या वेळी कांस्यपदकावर समाधान मानावे लागले होते. भारताने सुवर्णपदक परत मिळविले, पण गुणफलक होता 26-25. एका गुणाचे अंतर, म्हणजे एका चढाईचे.