डिंडोलीच्या उन्हात बाटली भरण्याआधी

पुण्याला शिकायला गेलेली आमची पोरं सुट्टीत सुरतेतल्या डिंडोलीला येतात, ती क्राफ्ट बिअरच्या गोष्टी घेऊनच. तिकडं २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, तेव्हापासून मायक्रोब्रुअरी हे काही नवल राहिलेलं नाही. माझ्या भाच्यालाही तशी बिअर घरी करून बघायची होती. ताईनं साफ नाही म्हटल्यावर त्यानं व्हिडिओ बघून आलं, साखर आणि बेकरीचं यीस्ट घालून जिंजर बिअर लावली. मे महिना, गच्चीवरची पत्र्याची खोली, काचेच्या बाटल्या. एक भरदुपारी फुटली आणि काच ताईच्या दंडात घुसली. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "बाटलीत होतं काय?" आम्ही सगळे गप्प.

त्या व्हिडिओतली कृती चुकीची नव्हती, ती दुसऱ्या देशाची होती. बिअरचं नेहमीचं एल यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट काम करतं. ब्रिटन-अमेरिकेत घराच्या तळघरात तेवढा गारवा सहज मिळतो. आमच्याकडं पत्र्याखाली यीस्ट पिसाळल्यासारखं साखर खातं, चव उग्र होते आणि वायू भराभर साठतो. चार ग्रॅम साखर आंबली की साधारण एक लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बाटलीत एका लिटरमागं मूठभर साखर शिल्लक असताना झाकण घट्ट बसवलं, तर त्या काचेवर काय ताण येत असेल, याचा हिशोब कुणीही करू शकेल.

कायदाही तिकडचा वेगळा. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही, अमेरिकेनं १९७८ मध्ये मोकळीक दिली. इथं गुजरातमध्ये १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि त्याच्या व्याख्येत अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव दारूच ठरतं. यीस्ट घालून आंबवलेल्या आल्याच्या पाण्यातही थोडं अल्कोहोल असतंच. दारू करण्यासाठी भांडी-सामान बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर दारू तयार करण्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गिरणीत पाळ्या करून ज्या आईबापांनी खोली बांधली, त्यांच्या दारात एका हौसेपायी पोलीस यावेत का? नवापूरची हद्द ओलांडून महाराष्ट्रात मामाच्या गावी करू, असंही कुणी म्हणू नये. मुंबई राज्यातला तोच कायदा १९६० नंतर महाराष्ट्राकडंही आला आणि बिअर करायला तिथंही परवाना लागतो.

आपल्याकडची म्हातारी माणसं अशा वेळी विषारी दारूची आठवण काढतात. बोटादकडं जुलै २०२२ मध्ये माणसं दगावली ती कारखान्यातलं मिथेनॉल पोटात गेल्यानं. धान्य आंबवलेल्या बिअरमुळं तसं होत नाही. पोरांना खोटी भीती घालू नका, खरं कारण सांगा, नाहीतर ती आपलं बाकीचंही ऐकणार नाहीत.

आंबवणं ही फार सुंदर विद्या आहे आणि तिची ओढ लागलेल्या पोराला मला हिरमुसलं करायचं नाही. त्यानं सूक्ष्मजीवशास्त्र शिकावं, परवाना असलेल्या ब्रुअरीत उमेदवारी करावी. घरी खमिराचा पाव करून बघावा, तापमानाचं महत्त्व त्यातूनही हाताला कळतं. फसफसणारं आलंच प्यायचं असेल तर आलं, गूळ आणि लिंबाचा पाक करून फ्रिजमध्ये ठेवा आणि पिताना सोडा ओता. यीस्ट लागत नाही.

आणि कुणाच्या गच्चीवर आत्ता अशा बाटल्या उभ्याच असतील, तर उन्हाच्या वेळी त्यांना हात लावू नका. वरून जाड गोधडी टाका, पोरांना खाली पाठवा. पहाटे गारव्यात चष्मा आणि जाड हातमोजे घालून, तोंड लांब ठेवून, बाटल्या बर्फाच्या पाण्यात उतरवा. पुरत्या गार झाल्या की गोधडीखालीच झाकण हळूहळू सैल करा. काच लागलीच, तर डॉक्टरांना बाटलीत काय होतं ते पहिल्याच प्रश्नाला खरं सांगा.