शरदाचे ऊन आणि घरचे श्रम

भाद्रपद सरत आला की, नाशिकच्या पश्चिमेस त्र्यंबकच्या डोंगररांगांवर ठाण मांडून बसलेले ढग हळूहळू उठू लागतात. नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाताना वाटेत सातपूर लागते. तेथून हा ऋतुपालट फार चांगला दिसतो. पहाटे गवतावर दव साचलेले असते, सकाळी आकाश धुतल्यासारखे निळे असते आणि दुपारी ऊन असे चटके देते की, वैशाख परत आला की काय, अशी शंका यावी.

पुष्कळ देशांत उन्हाळा संपला की थेट पानगळीचा ऋतू येतो. आपल्याकडे मात्र या दोहोंमध्ये पावसाळ्याचे चार महिने आडवे पडतात. पाऊस माघारी फिरतो तेव्हा आकाश निरभ्र होते, पण भूमी अजून ओली असते. वर प्रखर सूर्य आणि खाली ओली जमीन, यांमुळे हवेत दमटपणा राहतो, घाम लवकर वाळत नाही आणि उकाडा अधिकच जाणवतो. यालाच लोक ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. हे दिवस थोडे असतात. परंतु घरातील माणसांना उठवून कामाला लावण्याची त्यांची शक्ती मोठी आहे.

याचे कारण उघड आहे. चार महिन्यांत घरालाही ओल चढलेली असते. भिंतींचे पोपडे सुटलेले असतात, कोपऱ्यांत बुरशी धरलेली असते, अंथरुणांना कुबट वास येत असतो, दारे फुगून चौकटीत अडकत असतात. घटस्थापनेपूर्वी गोधड्या धुवावयाच्या, दसऱ्यापूर्वी जळमटे काढावयाची आणि दिवाळीपूर्वी भिंतींना रंग द्यावयाचा, हा क्रम आपल्या पूर्वजांनी सणांच्या निमित्ताने घालून दिला. ही सारी कामे नेमकी ऊन कडक असते त्याच दिवसांत येतात. ओले वाळविण्यास याहून चांगला काळ कोणता?

सातपूर हे एके काळी शेतकऱ्यांचे गाव होते. शेतकऱ्याच्या शरीराला प्रत्येक ऋतूत निराळे काम मिळते: कधी वाकावे लागते, कधी उचलावे लागते, कधी मैलोगणती चालावे लागते. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे सातपूरच्या शिवारात कारखाने उभे राहिले. निरनिराळ्या भागांतून कामगार आले, त्यांच्या वसाहती झाल्या. 1982 साली नाशिक महानगरपालिका झाली, तेव्हा सातपूर तिच्यात सामील झाले. आज तेथील पुष्कळ माणसे पाळीने कामाला जातात. आठ तास एका यंत्रापुढे उभे राहून एकच हात एकाच दिशेने चालविणारा कामगार थकतो खरा, पण त्या थकण्याने त्याच्या शरीराला व्यायाम घडतो काय? त्याचा एक खांदा राबतो आणि दुसरा तसाच राहतो. पाय दुखतात, परंतु गुडघे पुरते वाकत नाहीत. त्याची मुले तर शाळेत आणि घरी बसूनच असतात.

येथे दोन मते ऐकू येतात. ‘घरात आणि कामावर एवढे श्रम होत असता निराळा व्यायाम कशाला?’ असे काही जण म्हणतात. ‘आम्ही रोज व्यायाम करतो, मग घरकामाचा भार आमच्यावर कशाला?’ असे दुसरे म्हणतात. ही दुसरी मंडळी बहुधा तरुण असतात, हे सांगावयास नकोच. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे आणि दोन्हींत पुष्कळ आळस आहे. जागतिक आरोग्य संघटना शारीरिक हालचालींत घरकामाचीही गणना करते. 2020 साली तिने केलेल्या मार्गदर्शनानुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलामुलींनी दिवसाकाठी सरासरी 60 मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी. तेव्हा घरकाम हे श्रमांत मोडते, यात संशय नाही. मात्र काम त्याला लागणाऱ्याच अवयवांना राबविते. बाकीचे तसेच राहतात. त्या राहिलेल्या अवयवांचा विचार व्यायाम करतो.

भिंतीला चुना देण्याचे उदाहरण घ्यावे. आता बहुतेक घरांत तयार रंग वापरतात. तरीही खेड्यांतून आणि जुन्या वाड्यांतून चुना अजून दिसतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो फुटतो, खदखदतो आणि एवढी उष्णता निर्माण होते की पाणी उकळू लागते. म्हणून हे काम मोठ्या माणसांनीच करावे. मुलांनी दूर उभे राहावे, कारण चुन्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तरी मोठी इजा होते. विरलेला चुना थंड झाला की तो कापडातून गाळतात, थोडा डिंक घालतात, पांढरेपणा खुलावा म्हणून किंचित नीळ घालतात आणि कुंचल्याने भिंतीला दोन हात देतात. प्रथम भिंत पाणीदार दिसते. वाळता वाळता ती शुभ्र होत जाते. चुना हवेतील कर्बवायू शोषून घेतो आणि पुन्हा दगडासारखा कठीण होतो. त्याच्या क्षाराने बुरशीही मरते. ओल बाहेरून झिरपत असेल तर आधी भेग बुजविली पाहिजे. नाहीतर पुढच्या श्रावणात तोच पोपडा पुन्हा सुटतो.

हे काम करताना मनुष्य मान मागे टाकून, हात डोक्याच्या वर धरून तासभर उभा राहतो. उजवा खांदा भरून येतो, मान आखडते, आणि डावा हात बादली धरण्यापलीकडे काही करीत नाही. जाणता कारागीर मधूनमधून कुंचला डाव्या हातात घेतो आणि दर थोड्या वेळाने हात खाली सोडून मोकळा करतो. पाण्याची बादली उचलतानाही तो पाठीतून वाकत नाही. गुडघे वाकवून, बादली अंगाजवळ घेऊन उठतो, म्हणजे भार मांड्यांवर येतो आणि कंबर वाचते.

फुगलेल्या दाराचेही असेच आहे. दार अडकले की लगेच रंधा मारण्याची घाई पुष्कळांना होते. पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगते आणि उन्हाने वाळले की पुन्हा आकसते. भाद्रपदात रंधलेले दार पौषात वाऱ्यावर खडखडू लागते. म्हणून ऑक्टोबरचे ऊन लागू द्यावे, बिजागऱ्यांना तेल घालावे आणि तरीही दार अडकत राहिले तरच रंधा हाती घ्यावा. काही कामांत थांबणे हेच कौशल्य असते.

व्यायामाच्या बाबतीतही आपल्या प्राचीन वैद्यांनी ऋतूचा असाच विचार केला आहे. वाग्भटाच्या मते बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा. इतर वेळी तो त्याहूनही हलका असावा. शरदात पित्त वाढते, म्हणून कडक ऊन आणि दिवसाची झोप टाळावी, असेही त्याने सांगितले आहे. अर्धी शक्ती ओळखावी कशी? सुश्रुताने त्याची खूण दिली आहे: श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धे बळ खर्च झाले असे समजावे. या खुणेसाठी ना घड्याळ लागते ना गुरू. तेव्हा आश्विनातील व्यायाम पहाटेचा आणि माफक असावा. कार्तिक उजाडून थंडी पडू लागली की तो क्रमाने वाढवावा. पहिल्याच दिवशी शंभर जोर मारून तिसऱ्या दिवशी अंथरूण धरणारे वीर प्रत्येक गावात दिसतात.

सूर्यनमस्कार या दृष्टीने फार सोयीचा आहे. त्याला एका सतरंजीएवढी जागा पुरते. त्यात एकदा उजवा पाय मागे जातो, एकदा डावा. पाठ पुढे वाकते तशी मागेही वळते. दिवसभर एकाच बाजूने राबलेल्या शरीराला हा समतोल लाभदायक ठरतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नित्य नमस्कार घालीत आणि आपल्या संस्थानातील शाळांतही त्यांनी हा व्यायाम सुरू केला. सातपूरकरांना तर यासाठी औंधापर्यंतही जावयास नको. सातपूरजवळून वाहणारी नंदिनी, जिला लोक नासर्डी म्हणतात, पुढे टाकळी येथे गोदावरीस मिळते. याच टाकळीस समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात बारा वर्षे तपश्चर्या केली. ते नित्य बाराशे नमस्कार घालीत, अशी परंपरा आहे. तेथील गोमय मारुतीचे मंदिर आजही प्रसिद्ध आहे. बाराशेचा आकडा सामान्य माणसाने ऐकून ठेवावा. बारापासून आरंभ करण्यास कोणाचीच हरकत नसावी.

नाशिक जिल्ह्याने व्यायामाला आणखी एक देणगी दिली आहे. निफाड तालुक्यातील कोठुरे गावचे बाळंभटदादा देवधर हे मल्लखांबाचे पुनरुज्जीवक मानले जातात. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबारी अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल आले व त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले, काही मुदत मागून घेतली आणि ते वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले. तेथे झाडांवर लीलया चढणाऱ्या, उतरणाऱ्या आणि उलट्या लोंबकळणाऱ्या वानरांवरून त्यांना खांबावरील व्यायामाची युक्ती सुचली, असे आख्यायिका सांगते. परत येऊन त्यांनी कुस्ती जिंकली. आख्यायिकेचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. मल्लखांबासारख्या व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आढळतो; मागे पडलेल्या त्या विद्येला बाळंभटदादांनी पुन्हा जीव दिला. सागवानाचा वा शिसवीचा एक गुळगुळीत खांब, थोडे एरंडेल तेल आणि पकड घेणारे हातपाय, एवढ्यावर ती विद्या उभी आहे. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली, तेव्हा परदेशी लोकांना त्यांचे मोठे कौतुक वाटले.

परंतु कौतुकाच्या या गोष्टी सांगताना घरातील एका बाबीकडे डोळेझाक होऊ नये. पुष्कळ घरांत मुलगा पहाटे तालमीत जातो, परत येतो, दूध पितो आणि विसावतो. त्याच वेळी त्याची बहीण पाणी भरते, अंथरुणे काढते, केर काढते. आई तर तिच्याही आधी उठलेली असते. मुलाच्या श्रमांना व्यायाम म्हणतात आणि त्यांचे कौतुक होते. मुलीच्या श्रमांना काम म्हणतात आणि त्यांची कोणी मोजदादही करीत नाही. शिवाय दिवसभर वाकून काम करणाऱ्या आईची पाठ मागे वळविणारा, तिला मोकळा श्वास देणारा व्यायाम तिच्या वाट्याला येतच नाही. वस्तुतः नमस्कारांची सर्वांत अधिक गरज तिलाच असते. दसऱ्याची झाडलोट, गोधड्या पिळणे, माळ्यावरील जड भांडी उतरविणे ही कामे तालमीत जाणाऱ्या मुलाने अंगावर घेतली, तर त्याचे दंड काही कमी भरणार नाहीत. ओली गोधडी दोघांनी दोन टोके धरून पिळावी लागते. एका बाजूला भाऊ आणि दुसऱ्या बाजूला बहीण उभी राहिली, तर जोर कोणाचा अधिक हेही कळते. निकाल नेहमी भावाच्या बाजूने लागतोच असे नाही.

अंगणात चार हात जागा असेल, तर तेथेही याच दिवसांत काम निघते. पावसाने घट्ट बसलेली माती खणावी. मात्र ती चिखलट असताना खणू नये. मूठभर माती दाबून गोळा झाला आणि बोटाने टोचताच तो फुटला, म्हणजे वाफसा आला असे शेतकरी समजतो. कुदळीचा घाव घालताना पुढचा पाय आलटून पालटून बदलावा. खणलेल्या जागेत शेणखत मिसळून मेथी आणि कोथिंबीर लावावी. धने आधी हलकेच रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात, म्हणजे ते चांगले उगवतात. मेथी तीन-चार दिवसांत माती वर उचलते आणि सुमारे महिन्याभरात खुडण्यास येते.

ज्यांना अंगण नाही, त्यांच्यासाठी दिवाळीचा किल्ला आहे. वसाहतींतील मुले जिन्याखाली किंवा भिंतीच्या कडेला विटा, दगड आणि पोती रचून त्यांवर मातीचा चिखल थापतात. माती वाहून आणणे, ती पायांनी तुडविणे, तासन्‌तास उकिडवे बसून तट आणि बुरूज घडविणे या श्रमांना त्यांनी व्यायाम असे नाव कधी दिलेले नसते. उतारांवर ती हळीव पेरतात आणि दिवसातून दोनदा हाताने पाणी शिंपडतात. धनत्रयोदशीच्या सुमारास किल्ल्याचे डोंगर हिरवे झालेले असतात.