तासांचा काटा आणि गॅसचं बिल

“अठ्ठावीस हजार तासच चाललंय साहेब, बघा ना पॅनेलवर!” पॅनेलवर तेवढेच दिसत होते. इंजिन एक मेगावॉटचं. २८,००० तास अखंड पूर्ण लोडवर चाललं, तरी २.८ कोटींच्या वर युनिटं निघणार नाहीत. जनरेटरच्या मीटरवर मात्र ३.९ कोटी होती! खोदून विचारल्यावर कळलं, मध्यंतरी पॅनेल बदललं आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. विकणाऱ्याच्या मनात खोट होती की नव्हती, देव जाणे. पण खरे तास पन्नास हजारांच्या घरात होते, आणि अशा बऱ्याच इंजिनांचा मोठा ओव्हरहॉल साठ हजारांच्या सुमारास येतो. मी ज्या कारखानदारासाठी तपासणीला गेलो होतो, त्याच्या गळ्यात तो खर्च वर्ष-दोन वर्षांत पडला असता.

म्हणून जुना गॅस प्लँट घेताना आधी कागद मागा: गॅसची बिलं, युनिटांची नोंद, लॉगबुक. तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत.

बिलांत आणखी एक मेख असते. माहितीपत्रकातली ४२ टक्के कार्यक्षमता निव्वळ उष्मांकावर काढलेली असते. त्यात धुरातल्या वाफेबरोबर जाणारी उष्णता धरत नाहीत. गॅसचं बिल येतं ढोबळ उष्मांकावर, म्हणजे ती धरून. नैसर्गिक गॅसमध्ये हा फरक दहा टक्क्यांच्या आसपास असतो. एका एमएमबीटीयू (बिलातलं उष्णतेचं एकक) गॅसला १२३ युनिटं मिळतील असा हिशेब मांडाल आणि हातात येतील १११. कर्जाचे हप्ते या बारा युनिटांवर डळमळतात.

मग इंजिनाकडे वळा. पूर्ण लोडवर निदान काही तास चालवून घ्या, जमल्यास मे महिन्याच्या दुपारी. जानेवारीच्या पहाटे कुठलाही रेडिएटर गुणी वाटतो. सिलिंडरमध्ये कॅमेरा घाला, तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यात लोखंड आणि तांबं किती आलंय ते पाहा, जनरेटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन मेगर लावून तपासा. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटल्यावर देशात कितीतरी प्लँट बंद पडून राहिले. असं उभं राहिलेलं इंजिन ‘कमी वापरलेलं’ म्हणून विकायला येतं. आत गंज असतो.

आणि पॅनेलचा पासवर्ड! तो बहुतेकदा इंजिन बनवणाऱ्या कंपनीकडेच असतो. तो कोण देणार आणि किती पैशांत, हे बयाणा देण्याआधी लेखी घ्या.